देवरे यांचा फोन शंभर टक्के उचलला जातो

माणूस निवृत्त होतो, त्याचं पद होत नाही. ते सत्काराचा नारळ काखोटीला मारून त्याच्या मागोमाग घरी येतं आणि बसायला खुर्ची शोधतं.

सावळीराम देवरे, म्हणजे घरचे अण्णा, चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात होते. निवृत्त होऊन ते नाशिक रोडला, जेल रोडवरच्या घरी कायमचे आले, तेव्हा त्यांच्या पदाने हॉलमधली टेलिफोनशेजारची वेताची खुर्ची पसंत केली. त्या दिवसापासून घरचा लँडलाइन हा नुसता फोन राहिला नाही. तिथे कामकाज सुरू झालं.

कामकाजाची पद्धत अशी. पहिली रिंग वाजली की अण्णा उठत. (पहिल्याच रिंगला फोन उचलणाऱ्या घराला दुसरं काही काम नाही, असा लोकांचा समज होतो.) दुसऱ्या रिंगला चष्मा. तिसऱ्या रिंगला नोंदवहीत तारीख आणि वेळ. चौथ्या रिंगला रिसीव्हर कानाला, "हॅलो, सावळीराम देवरे बोलतोय. आपण कोण आणि कामाचं स्वरूप?" राँग नंबरलासुद्धा आवक क्रमांक मिळत असे, फक्त शेऱ्यात 'संबंध नाही' असं पडे. आपण होऊन फोन करणं मात्र अण्णांना मंजूर नव्हतं. ज्याची आवक नाही त्याची जावक कशी होईल? आधी समोरून यावं, मग इकडून उत्तर जावं. यावरच कार्यालयं चालली आहेत.

साऱ्या भाऊबंदांत एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे देवऱ्यांच्या घरच्या फोनवर सांगितलं ते सांगितलं. बाकी सगळं सांगोवांगी. अण्णा आणि त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई या दोघांत मिळून एक मोबाइलही होता, पण तो झिजू नये म्हणून कपाटात, पैठणीच्या घडीत, बंद करून ठेवलेला असे.

दर रविवारी सकाळी दहाला बागलाणातल्या नामपूरहून धाकट्या बहिणीचा, नवसाबाईचा फोन येई. यंदा तिच्या मुलीचं, सरिताचं लग्न ठरलं. मे महिन्याची अठ्ठावीस तारीख. मुलीच्या मामाने तिला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. सरिताला मामा एकच. म्हणजे हे पद असं, की त्यावर प्रभारी नेमता येत नाही. अण्णांनी छापील पत्रिका नोंदवहीत चिकटवली, सफारी शिवायला टाकली आणि रोज संध्याकाळी गॅलरीत वीस मिनिटं न हलता उभं राहण्याचा सराव सुरू केला.

एवढ्यात रस्ता खोदला गेला आणि फोनमध्ये कोणीतरी पापड भाजतंय असा आवाज येऊ लागला. पुण्याला असणारा मुलगा योगेश म्हणाला, "अण्णा, ती तांब्याची तार सोडा आता. इंटरनेटवरचा फोन घेऊ. नंबर तोच राहील."

नंबर तोच राहील म्हटल्यावर अण्णांनी तत्त्वतः मंजुरी दिली. अमोल नावाचा कंपनीचा माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, एक डबी बसवली, तिचे चार हिरवे दिवे लागले. फोन असा स्वच्छ ऐकू येऊ लागला, की पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हेसुद्धा कळावं.

या सेवेचा मोठा गुण तर पुढेच आहे. घरच्या नंबरचं एक ॲप मिळतं. ते मोबाइलवर घेतलं की घरचा फोन तुम्ही जिथे असाल तिथे वाजतो. योगेशने ते घेतलं, त्याची बायको रूपालीने घेतलं. पिंपळगाव बसवंतला दिलेल्या लेकीने, सायलीने घेतलं, तिचा नवरा दीपक याने द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बसून घेतलं. "आता घरचा एकही फोन चुकणार नाही," योगेश म्हणाला. हे शब्दशः खरं ठरलं.

पहिल्या महिन्यात देवऱ्यांच्या घरी एकशे बारा फोन आले. त्यांतले उचलले गेले एकशे बारा. घरात उचलले गेले शून्य. घरी पोचलेले निरोपही शून्य. (सेवेच्या अहवालात शेवटच्या दोन आकड्यांसाठी रकाना नसल्यामुळे कामगिरी शंभर टक्के धरली जाते.)

कारण साधं आहे. नव्या पिढीचा हात फोनवरच असतो. दुसऱ्या रिंगच्या आत पुणे किंवा पिंपळगाव म्हणे, "हॅलो, देवरे." त्या वेळी नाशिक रोडला अण्णा चष्मा लावत असत. तिसरी रिंग कधी वाजलीच नाही. टोपण काढलेलं पेन हातात धरून ते फोनकडे बघत उभे राहत.

अण्णांनी रीतसर तक्रार केली. अमोल आला, पण जिना चढला नाही. खाली टपरीवर उभं राहून त्याने नंबर लावला. फोन वाजला, उचलला गेला, कोणी सभ्य गृहस्थ "देवरे, बोला" म्हणाले. अमोलने चहा संपवला आणि लिहिलं, 'फोन चालू. ग्राहक समाधानी.'

मग अण्णांनी एकच निष्कर्ष काढला. लोकांनी आपल्याला फोन करणं सोडलं.

"अहो, तुम्हीच लावा की नवसाबाईला," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"चार रविवार झाले. तिला भावाची आठवण नाही, तर मी का लावू?"

"मग बसा वहीला वारा घालत."

नवसाबाईचा फोन चारही रविवारी आला होता. "भाऊ कथा गया?" असं तिने आपल्या अहिराणीत विचारलं, की रूपाली पुण्याहून गोड आवाजात सांगे, "देवळात गेलेत, आत्या. येतीलच." सासऱ्यांबद्दल चांगलंच बोलावं, असं रूपालीचं वळण. नवसाबाईलाही बरं वाटे, भाऊ देवाधर्माला लागला.

पुढे नवरदेवाची रजा बदलली. तो सैन्यात. अठ्ठावीसचं लग्न वीस तारखेवर आलं. नवसाबाईने अर्थातच घरच्या फोनवर कळवलं. पहिल्यांदा दीपकने उचलला. मागे द्राक्षांच्या शेवटच्या पेट्या चढत होत्या. तो म्हणाला, "हो हो, सांगतो घरी." खात्री करायला तिने पुन्हा लावला, तेव्हा रूपालीने उचलला. रूपालीला वाटलं, आत्या इतक्या सहज बोलतायत म्हणजे घरी माहीत आहे. म्हणाली, "कळलं ना, अण्णा तर खूशच आहेत." तिसऱ्यांदा सायली. "आत्या, किती वेळा विचारशील? मामाशिवाय लग्न लागतं का?"

घरच्या फोनवर तीनदा सांगितलं आणि घराने तीनदा होकार दिला. याहून रीतसर काय असू शकतं?

योगेशला मात्र एकदा शंका आली. आईवडील कसे निघणार हे विचारायला त्याने पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीतून घरी फोन लावला. तो रूपालीने त्याच फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उचलला.

"हॅलो, देवरे."

"घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत."

"नामपूरला निघायची तयारी?"

"झालीच आहे."

योगेश निश्चिंत झाला. रूपालीने आत येऊन "कोणाचा फोन होता कोण जाणे, आपुलकीने चौकशी करत होता" असं सांगितलं, तेव्हा तो झोपला होता.

वीस तारखेला नामपूरला मांडव भरला. पुण्याहून योगेश आणि रूपाली आले, त्यांना वाटलं अण्णांना सायली आणेल. पिंपळगावहून सायली आणि दीपक आले, त्यांना वाटलं योगेश आणेल. मुहूर्त बारा पस्तीसचा. बाराला भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांना बोलवा." सगळे एकमेकांकडे बघू लागले.

नवसाबाईने शालूच्या घडीतून फोन काढला आणि अनेक वर्षं पाठ असलेला नंबर दाबला.

फोन मांडवातच वाजला. चार खिशांत आणि पर्सांत, एकाच वेळी.

"हॅलो, देवरे," योगेश म्हणाला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

नवसाबाई आधी फोनकडे, मग भाच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सगळास्नी सांगं माले, भाऊ येस म्हणून. मग घरना फोन घरमा का वाजत नही?"

याचं तांत्रिक उत्तर योगेशला येत होतं. ते बाजूला ठेवून त्याने कपाटातला मोबाइल लावून पाहिला, तो पैठणीत गाढ होता. नाशिक रोडहून नामपूर म्हणजे अडीच-तीन तास. हातात पंचवीस मिनिटं.

शेवटी चौघांना ओळीत उभं केलं. चार मोबाइल सरिताच्या हळदीच्या ताटात ठेवले आणि नवसाबाईने बजावलं, कोणी हात लावायचा नाही. मग पुन्हा नंबर लावला. ताट वाजू लागलं. एक रिंग. दोन. दीपकचा हात सवयीने पुढे गेला, सायलीने तो धरून ठेवला. तीन. चार.

"हॅलो, सावळीराम देवरे बोलतोय. आपण कोण आणि कामाचं स्वरूप?"

"भाऊ, तू कथा शे?"

"घरी. तू आता फोन करतेस?"

"पोरगी मांडवमा उभी शे, भाऊ. तुनी वाट पाही राहिनी."

पलीकडे पेनाचं टोपण खटकन बंद झालं. सेवा उत्तम असल्यामुळे तेसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. मग अण्णा म्हणाले, "फोन तिच्या पाठीशी धर."

नवसाबाईने स्पीकर लावून फोन सरिताच्या खांद्यामागे धरला. नाशिक रोडला अण्णा रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. सफारी शिंप्याकडे होती, म्हणून बनियन आणि पायजमा. "डोक्याला तरी काही घाला," म्हणत चंद्रभागाबाईंनी टोपी ठेवली आणि स्वतः मूठभर तांदूळ घेऊन आल्या. मंगलाष्टकं बावीस मिनिटं चालली. भटजींचा 'सावधान' ऐकू आला की त्या अण्णांवर आणि टेलिफोनवर सारख्याच अक्षता टाकत. सराव कामी आला. अण्णा हलले नाहीत. मधेच एकदा सरिता मागे न बघता हळूच म्हणाली, "मामा, आहात ना?" आणि खांद्यामागून उत्तर आलं, "आहे. तू पुढे बघ."

त्या दिवशी नव्या सेवेतली पहिली नोंद झाली. 'आवक क्र. १. विषय: भाचीचे लग्न. कार्यवाही: उभे राहून पूर्ण.' शेऱ्याच्या रकान्यात अण्णांनी काहीतरी लिहिलं होतं, पण तिथे शाई पसरली आहे.

त्यानंतर कुटुंबाची बैठक झाली. ते ॲप ताबडतोब काढून टाकायचं, यावर चौघांचं एकमत झालं. बाकीचे तिघे काढतीलच, या विश्वासाने प्रत्येकाने आपलं ठेवलं आहे. अण्णांनी मात्र पद्धतीत दुरुस्ती केली. आता ते चष्मा लावून, पेन उघडून, रिसीव्हरवर हात ठेवूनच बसतात. पहिल्या रिंगला उचलतात आणि शंभरातले तीस-पस्तीस फोन जिंकतात.

देवऱ्यांची गंमत वाटली असेल, तर गेल्या महिन्याभरात आपण कितीजणांना "हो हो, सांगतो घरी" म्हणालो, ते वाचकांनी आठवून पाहावं. घरून अजून काही तक्रार आलेली नाही, यात समाधान मानू नये. त्यांना अजून कळलेलंच नाही.