खोकल्याची खूण

"बाबा, तिथे गेल्यावर 'आग' हा शब्द तोंडातून काढायचा नाही," मुलीने जिन्यातच बजावलं. "धूर नाही, सिलिंडर नाही, वायरिंग नाही. हवामानावर बोला, क्रिकेटवर बोला. तुम्ही घसरायला लागलात की मी खोकेन. मी खोकले की गप्प बसायचं."

"मी कशाला घसरतोय?" साहेब म्हणाले. "पण हा जिना बघ ना, इथे जर रात्री..."

मुलगी खोकली.

साहेब अग्निशमन केंद्राचे प्रमुख होते. केंद्रातले सगळे त्यांना साहेब म्हणत, घरचेही चिडले की साहेबच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. माणूस लाखात एक, पण पाहुणा म्हणून कुठेही न्यायची सोय नव्हती. हॉटेलात गेले की मेनूकार्डाआधी मागचं दार शोधत. बायकोच्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी स्टेजचे पडदे दिव्यांना लागतात म्हणून मुहूर्ताच्या वेळीच काढायला लावले होते, तेव्हापासून तो चुलतभाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. मुलीचं मागचं स्थळ तर चक्क त्यांच्यामुळेच हातचं गेलं होतं. मुलाच्या वडिलांनी कौतुकाने नवा बंगला दाखवला आणि साहेबांनी विचारलं, "हे सगळं पेटलं तर बाहेर कुठून पडणार?" ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. हा मुलगा मुलीने स्वतः पसंत केलेला होता आणि तिचा जीव त्याच्यात अडकला होता. मुलाचे वडील हौशी आणि गप्पिष्ट, त्यांची काळजी नव्हती. आई मात्र निवृत्त मुख्याध्यापिका. "आमच्याकडे गडबड गोंधळ चालत नाही," असं त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं. त्यांचा होकार आला तरच पुढचं पाऊल. म्हणून साहेबांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की आज दाताखाली जीभ धरायची, मग जीभ तुटली तरी बेहत्तर.

सोबत बायको होती आणि बायकोचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. मामा अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होता. साहेबांचं आणि त्याचं एकमेकांवाचून पानही हलत नसे आणि एकाही गोष्टीवर एकमत होत नसे. मामाच्या मते, जीव वाचवते ती अ‍ॅम्ब्युलन्स, आगीचा बंब नुसता पाणी सांडून जातो. साहेबांच्या मते, अ‍ॅम्ब्युलन्सवाले सगळं आटोपल्यावर पांढऱ्या चादरी घेऊन येतात आणि फोटोत पुढे उभे राहतात.

दार उघडलं आणि परीक्षा सुरू झाली. दाराबाहेर बुटांचं भलंमोठं कपाट अर्धा जिना अडवून उभं. साहेबांनी एक आवंढा गिळला. हॉलमध्ये एकाच प्लगवर टीव्ही, पंखा आणि माशांची पेटी. दुसरा आवंढा. खिडकीला जाळी अशी की चिमणीसुद्धा बाहेर पडू नये. तिसरा. हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर शेगडीची नळी जुनाट, ठिकठिकाणी चिरलेली. ते परत येऊन बसले तेव्हा चेहरा घामाने डबडबला होता.

"उकडतंय का तुम्हाला?" मुलाच्या आईने विचारलं.

"नाही, नाही. ती तुमची नळी..."

मुलगी खोकली.

"...नळाला पाणी छान येतं तुमच्या," साहेब म्हणाले.

मुलाची आई त्यांच्याकडे जरा बघतच राहिली. त्यांनी आणलेला केक तिने दाराजवळच्या छोट्या टेबलावर ठेवला होता, तो आत न्यायचंही तिला सुचलं नाही. साहेबांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं, मुलगी पुन्हा खोकली, आणि मामाच्या अंगातला अ‍ॅम्ब्युलन्सवाला जागा झाला.

"किती दिवसांचा खोकला आहे गं? कफ पडतो का?"

"मामा!"

"लपवू नकोस. सासरी आधी सांगितलेलं बरं असतं."

विषय बदलायला म्हणून मुलाचे वडील मामाला म्हणाले, "तुमचं काम फार कष्टाचं हो. जिने चढून माणसं उतरवायची म्हणजे काही खायचं काम नाही."

झालं. बोलायची बंदी साहेबांना होती, मामाला नव्हती.

"जिन्याचं नावच काढू नका," मामा सरसावून बसला. "आता तुमचाच जिना घ्या. तुम्हाला काही झालं, होऊ नये, पण झालं, तर आमचं स्ट्रेचर त्या वळणावर वळणारच नाही. बुटांचं कपाट आहे तिथे."

साहेबांनी ओठ घट्ट मिटून धरले. आग नाही, धूर नाही, ते सगळं ठीक होतं. पण मेहुणा धडधडीत चुकीचं बोलतोय आणि आपण गप्प बसायचं?

"वळेल," ते म्हणाले. "उभं केलं की वळेल."

"पेशंटला उभं करता? हृदयाचा असेल तर?"

"मग खुर्चीत घालून न्या. आम्ही नेतो."

"खुर्ची तर मुळीच वळणार नाही."

"वळेल!"

"नाही वळणार!"

मुलगी इतकी खोकली की मुलाची आई तिला पाणी द्यायला आत घेऊन गेली. आत कॉफीसाठी दूध गॅसवर चढवलेलं होतं. इकडे मुलाचे वडील खुशीत उठून उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात असं काही घडलंच नव्हतं.

"अहो, मग करूनच बघू की! मी बसतो खुर्चीत!"

"बाबा, नको," मुलगा म्हणाला.

"तू बाजूने धर रे."

मग काय, जेवणाच्या टेबलाची खुर्ची बाहेर आली, तिच्यात मुलाचे वडील बसले. पुढून साहेब, मागून मामा, बाजूने धास्तावलेला होणारा जावई. साहेबांची बायको "अहो, ऐका माझं" म्हणत मागोमाग. वरात वळणापर्यंत पोचली, बुटांच्या कपाटाला टेकली आणि जागच्या जागी अडकली.

"बघा, नाही वळत!" मामा आनंदाने ओरडला.

"अरे, मला पाडाल! अरे, अरे!" मुलाचे वडील त्याहून मोठ्याने ओरडले.

नवऱ्याची आरोळी ऐकून मुलाची आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, तिच्यामागे मुलगी. दोघी जिन्यात पोचल्या आणि तेवढ्यात गॅलरीतून वाऱ्याचा झोत आला. दार धाडकन बंद झालं.

साहेबांनी दार ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

"किल्ली?" साहेबांनी विचारलं.

"आत, खुंटीला," मुलाची आई म्हणाली.

"माझी रोजच्या पँटच्या खिशात आहे," मुलगा पुटपुटला. "आज नवी घातली."

"दूध!" मुलाच्या आईने तोंडावर हात धरला. "गॅसवर दूध आहे!"

साहेबांचा चेहरा एकदम पालटला. आता खोकला बिकला काही नाही. दूध उतू जाणार, त्याने ज्योत विझणार, गॅस मात्र चालूच राहणार, आणि शेजारी ती चिरलेली नळी. "बेलला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "एकही बटण दाबायचं नाही. लाइटचं सुद्धा नाही. खुर्ची इकडे आणा."

आयुष्यात त्यांनी दारं मोजली नसतील इतकी तोडली होती. दुसरं कुठलंही दार असतं तर एव्हाना जमिनीवर असतं. पण हे सागवानी दार, गेल्याच महिन्यात बसवलेलं, मुलाच्या वडिलांनी मघाशी हात फिरवून दाखवलेलं. आणि मुलगी डोळ्यांत पाणी आणून बघत होती. तिच्या होणाऱ्या सासरचं दार आपण पहिल्याच भेटीत फोडायचं? साहेबांनी वर पाहिलं. दारावर झरोका होता, काचेची झडप उघडी होती.

"अहो, ऐका माझं," बायको म्हणाली.

"भाऊजी, पोट मावणार नाही," मामा म्हणाला.

"मावेल."

या वेळी मामाचं बरोबर होतं. डोकं गेलं, खांदे गेले, हात आत गेले आणि पोटापाशी गाडी थांबली. साहेब अर्धे हॉलमध्ये, अर्धे जिन्यात. पुढे सरकेनात, मागे येईनात.

"वास येतोय का?" मुलाच्या आईने बाहेरून विचारलं.

"नाही अजून. नुसता सोफा दिसतोय. शेगडी दिसत नाही. मागून ढकला!"

पण मामा खाली गेला होता. लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही म्हटल्यावर मोबाइलही नको, म्हणून तो रस्त्यावर जाऊन साहेबांच्याच केंद्रात फोन करत होता. त्याच्या आवाजात काळजी होती आणि, का खोटं बोला, थोडा आनंदही होता. "माणूस अडकलाय, गॅस सुरू आहे, लवकर या," एवढंच त्याने सांगितलं. कोण अडकलाय ते सांगितलं नाही.

बंब सायरन वाजवत आला. सगळी गल्ली गॅलऱ्यांमध्ये जमा झाली. जवान धडाधड जिना चढले, बुटांच्या कपाटाला ठेचकाळले आणि दारासमोर येऊन थबकले. दारावर दोन पाय लोंबत होते.

पथकातल्या सर्वांत जुन्या जवानाने ते पाय नीट निरखले. नव्या सुटाखाली ड्यूटीचे काळे बूट होते.

"हे बूट ओळखीचे वाटतात," तो हळूच म्हणाला. "साहेब?"

"मीच आहे," आतून दबलेला आवाज आला. "सायरन कशाला वाजवलात?"

"साहेब, तुमचीच ऑर्डर आहे, वाजवायचाच म्हणून."

"दार फोडू का, साहेब?" दुसऱ्याने कुऱ्हाड उचलली.

"मी दारात आहे ना, शहाण्या!"

"बाजूला व्हा," मामा पुढे आला. "जखमी माणूस म्हणजे आमचं काम. आधी मान स्थिर करायला हवी."

"मान आतल्या बाजूला आहे," जुना जवान म्हणाला. "आणि अडकलेला माणूस आमचा. सुटला की मग तुमचा."

"वा! म्हणजे सोडवायचं श्रेय तुमचं आणि हाडं मोडलेली आमची?"

"हे नेहमीचंच आहे तुमचं..."

"शांत!" मुलाच्या आईचा आवाज जिन्यात घुमला. तीस वर्षं शाळा ज्या आवाजाने गप्प बसली तो आवाज. जवान ताठ झाले, मामाने हात मागे घेतले, झरोक्यातले पायसुद्धा हलायचे थांबले. "तुम्ही डावा पाय धरा. मामा, तुम्ही उजवा. आणि तुम्ही, आतले, श्वास सोडा. पूर्ण सोडा. हं, आता ढकला!"

आतून आधी 'धप्प' आणि मग 'फच्च' असा आवाज आला. साहेब दाराजवळच्या टेबलावर पडले होते, म्हणजे केकवर. त्यांनी पडल्या पडल्या हात वर करून दाराचं लॅच उघडलं आणि तसेच क्रीम माखलेल्या सुटात स्वयंपाकघरात धावले. मागून सगळी फौज.

शेगडी बंद होती.

दूध पातेल्यात शांत पहुडलं होतं, साय धरत होतं. साहेबांनी वाकून खाली पाहिलं. रेग्युलेटरसुद्धा बंद. दोन मिनिटांसाठी स्वयंपाकघराबाहेर पडताना शेगडीच नव्हे, खालचा रेग्युलेटरही फिरवणारं घर त्यांना जगात एकच माहीत होतं. ते हळूच वळले.

मुलगी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशी.

"मीच केला वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे ओरडलात, मी पळाले... हात आपोआप गेला. मला आठवलंच नाही हो."

साहेबांना एकदम भरून आलं. पोरगी लहान होती तेव्हापासून तिला ते हेच सांगत आले होते, आणि ती डोळे फिरवत आली होती. त्यांना वाटायचं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी डोळे पुसले आणि गालावरही क्रीम आलं.

"मी मघापासून 'ऐका माझं' म्हणतेय," बायको म्हणाली. "ती निघताना रेग्युलेटर बंद करणारच, हे मला ठाऊक होतं. पण माझं ऐकतो कोण?"

मुलाच्या आईने एक खुर्ची ओढली आणि साहेबांसमोर बसली. आता नकार येणार, हे सगळ्यांनी ओळखलं. सूट गेला, केक गेला, आणि स्थळही गेलं. गल्लीभर तमाशा झाला तो वेगळाच. होणारा जावई मुलीच्या जवळ सरकून उभा राहिला.

"गडबड गोंधळ मला चालत नाही," मुलाची आई म्हणाली. "आणि गोंधळात जिचा हात बरोबर चालतो, अशी मुलगी मला चाळीस वर्गांत एखादीच भेटली. ती या घरात येणार, हा विषय संपला." मग तिने चष्मा सारखा केला. "आता तुमचं. तुम्ही आल्यापासून काहीतरी गिळताय. नळाला पाणी छान येतं म्हणे! काय आहे ते एकदाचं बोलून टाका."

साहेबांनी बुटांच्या कपाटाकडे पाहिलं. प्लगकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. मग सवयीने त्यांनी मुलीकडे पाहिलं.

मुलगी खोकली नाही.

"बसा सगळे," साहेब म्हणाले आणि कोट काढला. "जरा वेळ लागेल."