गावंडेबाबूंचं दाभण

गावंडेबाबूंच्या कॉलरमध्ये पोती शिवायचं दाभण खोचलेलं असे, दोऱ्यासकट. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते शिष्यवृत्तीचे कारकून होते. समाजकल्याण कार्यालयात जाणारा प्रत्येक अर्ज ते हातानं शिवत, आणि शेवटी सगळ्या अर्जांचा मिळून एक गठ्ठा. ऑफिसातला स्टेपलर त्यांनी खिडकीतून मैदानात फेकला होता, असं सांगत.

"टाचनी गंजते, कागद सुटते, अन् पोरगं बोंबलत बसते," हे वाक्य मी पुढे तीन वर्षं ऐकलं. दोऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. शिपायानं एकदा मदत म्हणून गाठ मारली, तर ती त्यांनी त्याच्यादेखत सोडवली. "हे काय बैलाचं दावं हाय?"

पोरं मागून त्यांना टेलर म्हणत. एका वात्रटानं खिडकीतून पँटच पुढे केली, "बाबूजी, चेन बसवून द्या." बाबूंनी ती ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी परत दिली, तेव्हा दोन्ही पाय खालून शिवलेले होते.

कापसाचा भाव पडलेला होता ते दिवस. खिडकीपुढची रांग दरवर्षी लांबत होती. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, त्यांच्याबरोबर ठेक्याचं वावरही गेलं. आई बाभुळगावात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. तिला सरकारच्या निराधार योजनेचा पगार मिळे. शिष्यवृत्ती हुकली तर मी कॉलेज सोडून तिच्या शेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, वेचायला लागायचं, हे आमच्यात ठरलेलं होतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी माझा अर्ज वाचताना बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुहा बाप काय करते?"

"शेती." अर्जात मी तसंच लिहिलं होतं.

"कुठी हाय तो?"

'मयत' हा शब्द माझ्यानं लिहवला नव्हता. रांगेत कोणीतरी हसलं. बाबूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसू थांबलं.

"मायच्या नावानं उत्पन्नाचा दाखला आन. तहसीलमधून. उद्या पाचले गठ्ठा शिवतो. पाच म्हंजे पाच."

"आणते, बाबूजी."

दुसऱ्या दिवशी बाभुळगावच्या तहसीलमध्ये दाखल्यावर सही व्हायलाच चार वाजले. एसटी यवतमाळजवळ येऊन खरेदी केंद्रापुढच्या कापसाच्या गाड्यांमागे अडकली. मी उतरून चालत निघाले. कॉलेजात पोचले तेव्हा दिवस मावळत होता.

ऑफिसात बाबू एकटे होते. टेबलावर गठ्ठा, शिवलेला. मी दारातच थांबले.

"शिवला?"

"शिवला. पाचले."

मग त्यांनी कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला सुरुवात केली. माझा अर्ज वर ठेवूनही चाललं असतं. त्यांना ते चालणार नव्हतं. माझा नंबर मधला होता. उसवता उसवता त्यांनी अर्ज आणि पेन माझ्याकडे सरकवलं. वडिलांच्या नावापुढची 'शेती' खोडून मी जे लिहायचं ते लिहिलं. ते दुसरीकडे पाहत होते.

"तुम्ही घरी गेला नाहीत, बाबूजी?"

"घरी कोन वाट पाहून राह्यलं? इथं तं तू आनते म्हनून गेलती."

सगळे कागद जागेवर लागले. बाबूंनी नवा दोरा तोडला, टोक ओलं केलं, दाभणाच्या नेढ्याशी नेलं. हुकलं. पुन्हा नेलं. हुकलं. तिसऱ्यांदा हुकल्यावर त्यांनी दाराकडे पाहून घेतलं आणि दाभण माझ्यापुढे धरलं.

"ओव. अन् कोनाले सांगजो नोको."

मी ओवला. इतके दिवस कोण ओवून देत होतं, ते विचारलं नाही. पुढची तीन वर्षं रोज पहिल्या तासाआधी मी खिडकीशी जाऊन दोरा ओवून देई. तेवढा वेळ बाबू मैदानाकडे पाहत उभे राहत, जणू दाभण त्यांचं नव्हेच.