सड्याचे दहा गुण

कौतुक ही सार्वजनिक संपत्ती आहे, आणि सार्वजनिक संपत्तीचं वाटप नियमानं झालं नाही तर ती ज्याच्या दाराशी आधी पोचते त्याचीच होते. पाण्याच्या बाबतीत हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. रांगोळीच्या बाबतीत ते पहिल्यांदा मधुसूदनरावांच्या लक्षात आलं.

मधुसूदनराव लेखापरीक्षणातून निवृत्त होऊन गारखेड्यात राहत होते आणि फोनवरच्या ‘अंगण’ नावाच्या समूहाचे प्रमुख होते. समूहातल्या बायका सकाळी दारात रांगोळी काढत, तिचा फोटो टाकत आणि एकमेकींना टाळ्या देत. मधुसूदनरावांना रांगोळी येत नव्हती. त्यामुळं ते आपोआप निष्पक्ष ठरत होते आणि प्रमुखपद त्यांच्याकडं आलं होतं.

टाळ्यांचा व्यवहार त्यांनी महिनाभर तपासला आणि त्यांना झोप येईना. एका आठवड्यात दोनशे बारा रांगोळ्या आल्या होत्या आणि दोनशे बाराही ‘अप्रतिम’ होत्या. खात्यात असा आकडा निघाला असता तर चौकशी लागली असती.

म्हणून त्यांनी गुणपद्धती आणली. सममितीला तीस, रंगसंगतीला वीस, कल्पनेला वीस, नीटनेटकेपणाला दहा, सड्याला दहा, छायाचित्राला पाच आणि शिस्तीला पाच. (शिस्त म्हणजे मध्येच प्रश्न न विचारणं.) सडा शास्त्रात आहे. कोरड्या अंगणात रांगोळी काढत नाहीत, आधी पाणी शिंपडतात. तेव्हा नळाला दहाव्या दिवशी पाणी येत होतं, पण शास्त्र पालिकेच्या वेळापत्रकावर चालत नाही.

कल्पनेचे गुण देताना अडचण नको, म्हणून रांगोळीसोबत तिचं टिपण जोडणं सक्तीचं झालं. मंदार नावाच्या एका तरुण अभियंत्याचं टिपण इतकं उत्तम होतं की त्याला वीसपैकी एकोणीस मिळाले. रांगोळी त्यानं काढलीच नव्हती. पण तशी अट टिपणाच्या नियमात नव्हती.

इथवर सगळं कागदोपत्री सुरळीत होतं. मग गोकुळ आला.

गोकुळ फुलंब्रीचा. बागायतदार घरातला, विहिरींना अजून पाणी असलेला आणि शहरभर टँकर फिरवणारा. त्याची बायको प्रेरणा समूहात होती. तो एका सकाळी येऊन मधुसूदनरावांसमोर बसला.

“साहेब, बाया नुस्त्या टाळ्यावर किती दिवस राबतील? महिन्याला एक टँकर माझ्याकडून. जिचा पयला नंबर, तिच्या दारात उभा करतो.”

“बक्षिसानं कलेचा दर्जा घसरत नाही ना?” मधुसूदनरावांनी विचारलं.

“पाण्यानं काहीच घसरत नसतं साहेब. फक्त पातळी.”

दर्जा वाढला. निदान सभासद तरी तिप्पट झाले. रेल्वेस्टेशनपासून औरंगपुऱ्यापर्यंतचे लोक रांगोळी शिकू लागले. ‘लेक व्ह्यू’ नावाच्या नव्या इमारतीतले (जिच्या गॅलरीतून दुसऱ्या ‘लेक व्ह्यू’ची गॅलरी दिसते) बारा पुरुष एकदम दाखल झाले. पुरुषांतली दडपलेली कलाप्रवृत्ती टंचाईत वर येते, असा निष्कर्ष मधुसूदनरावांनी नोंदवला. सड्याचे दहा गुण बुडू नयेत म्हणून लोक पिण्याचं पाणी अंगणात शिंपडू लागले. एक टँकर मिळवण्यासाठी महिन्याभरात अंदाजे दीड टँकर पाणी मातीत गेलं. याला स्पर्धेतला उत्साह म्हणतात.

पहिल्या महिन्यात प्रेरणा पहिली आली. ज्या घरी विहीर आहे त्या घरी सडा चांगला पडतो, त्याला कोण काय करणार. गोकुळचा टँकर गोकुळच्या विहिरीवर भरला, शहराला एक वळसा घालून आला आणि गोकुळच्याच दारात रिकामा झाला. प्रक्रियेत कुठंही दोष आढळला नाही.

तरी लोक दुसरा महिना संपत येईपर्यंत बोलतच राहिले. म्हणून नियम झाला, की बक्षीस देणाऱ्याच्या कुटुंबीयांना भाग घेता येणार नाही. आणि समतोल राखायचा म्हणून प्रमुखांच्या कुटुंबीयांनाही नाही.

त्या संध्याकाळी मधुसूदनरावांच्या पत्नी अंबिकाबाईंनी भाजी चिरता चिरता विषय काढला. त्यांची मुलगी सावनी माहेरी आली होती, पुढच्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं आणि व्याह्यांकडची मंडळी येणार होती.

“टाकीत कोपरभर पाणी आहे,” त्या म्हणाल्या. “माणसं जेवणार कशी? हात कशानं धुणार?”

“टँकर सांगू.”

“सांगितला. सगळे टँकर नव्या बिल्डिंगांनी महिनाभर आधीच बोलून ठेवलेत. गोकुळला एक शब्द टाका ना. तुमचं ऐकेल तो.”

“हितसंबंध येतो त्यात.”

“मग मला रांगोळी टाकू द्या स्पर्धेत. लग्न झाल्यापासून रोज काढतेय.”

“नियम आजच झाला, अंबिका.”

“कोणी केला?”

“समितीनं.”

समितीत मधुसूदनराव एकटेच होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण एकट्या माणसाचा निर्णय फिरवणं समितीच्या निर्णयाहून अवघड असतं. अंबिकाबाईंचा कांदा मात्र फार बारीक चिरला गेला.

दुसऱ्या दिवसापासून घरात पाणी दिसू लागलं. आधी मोरीतलं पिंप भरलं, मग गच्चीवरचं. मधुसूदनरावांना वाटलं, पालिकेनं मनावर घेतलं. पालिकेबद्दल चांगला विचार करण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून त्यांनी जास्त खोलात जायचं टाळलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीतून आठ रांगोळ्या स्पर्धेला आल्या. मधुसूदनरावांनी त्या चष्मा पुसून तपासल्या. शेजारच्या वच्छलाबाईंना त्यांनी एक्याण्णव गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘परिपक्व हात’. समोरच्या मनकर्णाबाईंना चौतीस. ‘रेषेत आत्मविश्वास नाही. सराव हवा.’ उरलेल्या सहा घरी चाळीस ते सत्तर वाटून गेले. त्या महिन्याच्या निकालात वच्छलाबाई पहिल्या आल्या.

डोहाळजेवणाच्या आदल्या सकाळी टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला आणि त्याच्या आधी मनकर्णाबाई मधुसूदनरावांच्या ओसरीवर येऊन थांबल्या.

“भाऊजी, वच्छलीला एक्याण्णव अन् मला चौतीस. कामून?”

“वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात अजून कच्चा आहे.”

“माझा कुठं? मला तर ठिपकाबी सरळ येत नाय. अंबिकावहिनीचा हात कच्चा व्हय?”

मधुसूदनरावांनी आत पाहिलं. अंबिकाबाई चहा घेऊन येतच होत्या.

“आठही घरी मीच काढल्या,” त्या कप ठेवत म्हणाल्या. “घरटी दोन बादल्या पाण्याच्या बोलीवर, रोज.”

“अंबिका, नियम होता.”

“पाळला की. मी भाग घेतला का? नाव त्यांचं, अंगण त्यांचं, रंग त्यांचे.”

“पण हात तुझा.”

“हाताला रकाना आहे का तुमच्या तक्त्यात?”

नव्हता. मधुसूदनरावांनी मनातल्या मनात दोनदा पाहिलं.

“अन् एकाच बाईच्या हाताला, एकाच आठवड्यात, चौतीसही दिलेत आणि एक्याण्णवही,” अंबिकाबाई म्हणाल्या. “निष्पक्ष माणूस याहून काय करणार?”

हा टोमणा होता. मधुसूदनरावांनी तो अभिप्राय म्हणून स्वीकारला. मग निकालाला स्थगिती देऊन ते फेरतपासणीला बसले. टँकरचा चालक रामकिसन दारात येऊन विचारू लागला, “साहेब, सोडू का माघारी नेऊ?”

“थांबा. निर्णय व्हायचाय.”

“मी थांबतो साहेब. कॉक थांबत नाय, गळतोय.”

गळत्या कॉकखाली आधी वच्छलाबाईंनी बादली लावली, कारण टँकर त्यांचा होता. ती भरल्यावर मनकर्णाबाईंनी हंडा सरकवला, कारण तक्रार त्यांची होती. मग रामकिसननं कॉक पुरता उघडला. गल्ली पिंपं, कळशा, पातेली घेऊन बाहेर आली. एकोणीस गुणांचा मंदार याचंही टिपण लिहिणार होता, पण त्याच्या आईनं त्याच्या हातात दोन बादल्या दिल्या. कोणी कोणाला गुण दिले नाहीत. भांडण एकच झालं, तेही झाकणावरून.

सूर्य कलला तेव्हा समितीचा निर्णय आला. आठही रांगोळ्यांना सरासरी एकसष्ट गुण देऊन टँकरचं समन्यायी वाटप करण्यात यावं. निर्णय ऐकायला टँकर नव्हता. रामकिसन तो रिकामा घेऊन गेला होता.

रविवारी डोहाळजेवण यथासांग पार पडलं. हात धुवायला पाणी होतं, वर ताकही होतं. पाहुणे यायच्या आधी अंबिकाबाईंनी स्वतःच्या दारात सडा घातला आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात स्वतःसाठी रांगोळी काढली. मधुसूदनराव बाहेर आले.

“कशी झालीय?” अंबिकाबाईंनी कंबर सरळ करत विचारलं.

मधुसूदनरावांनी डोकं एका बाजूला झुकवलं, मग दुसऱ्या. “सममिती अठ्ठावीस.”

“गुण नाही विचारले. कशी झालीय?”

ते बराच वेळ पाहत राहिले. मनापासून पाहत होते, यात शंका नाही.

“सड्याचे मात्र पूर्ण दहा,” ते म्हणाले.

अंबिकाबाई हात झटकून आत गेल्या. पाहुण्यांच्या पायाखाली संध्याकाळपर्यंत ती पुसून गेली.

मधुसूदनरावांना हसण्याचं कारण नाही. या कथेत वाचकानं वच्छलाबाईंचे एक्याण्णव लक्षात ठेवले, मनकर्णाबाईंचे चौतीसही, आणि टँकर कोणाच्या दारात रिकामा होतो इकडं तर शेवटपर्यंत बारीक नजर ठेवली. अंबिकाबाईंनी त्या नऊ दारांत काढलं काय होतं, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

(वाचकाला शिस्तीचे पाचपैकी पाच.)