मापाऱ्याचं वजन

दिवेलागणीला बिसरामने ताट वाढून घेतलं आणि फोन शेजारी ठेवला. तो वाजल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे.

"काका, जेवायला बसलात? भात किती घेतला?" गुंजनने विचारलं.

"दीड वाटी. आणखी घेऊ का?"

"बिलकुल नाही!"

तिचं हे रागावणं ऐकलं की बिसरामला बरं वाटे. बायको भागीरथा गेल्यापासून त्याच्या ताटात डोकावणारं कोणी उरलं नव्हतं. गुंजन गोंदियाची. आहार बदलून मोठ्या माणसांचं वजन आणि साखर किती उतरते, यावर तिचं पथक अर्जुनी मोरगावकडच्या गावांत संशोधन करत होतं. दर सोमवारी वजन आणि रोज एक फोन.

सांगितल्याप्रमाणे खाल्ल्यामुळे बिसरामचं वजन उतरू लागलं. घात झाला तो इथेच.

"आणखी थोडं उतरलं की तुमचं टार्गेट पूर्ण, काका!" गुंजन आनंदाने म्हणाली.

बिसराम जन्मभर धान खरेदीवर मापारी होता. माप पुरं झालं की पोतं शिवायचं आणि थप्पीला लावायचं. त्या पोत्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. आपलंही तसंच होणार, अशी त्याची खात्री पटली. विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी त्याने सदऱ्याच्या आत दोन किलोचं लोखंडी वजन बांधलं. ज्याच्यापुढे वजन वाढवायला ओलं धान आणण्याची चलाखी कधी चालली नव्हती, तो मापारी काट्यावर उभा राहून छताकडे पाहू लागला.

वजन वाढलेलं पाहून गुंजनने भात कमी केला. बिसराम आणखी वाळला, त्यामुळे पुढच्या खेपेला पाच किलोचं बांधावं लागलं. भात अर्ध्या वाटीवर आला, पण फोन दिवसातून दोनदा येऊ लागला. बिसराम खूश होता. फक्त चालताना एका बाजूला कलायचा.

"काका, गाल बसले, पॅन्ट ढिली झाली, आणि वजन वाढतंय? असं कसं?"

"हाडं जड होऊन राहिली असतील."

ही हाडं पाहायला नागपूरहून मोठे डॉक्टर आले.

"सदरा काढा."

बिसराम मागे सरला, गाठ सुटली आणि पाच किलो डॉक्टरांच्या बुटावर पडले.

डॉक्टर एका पायावर नाचत असताना गुंजनने विचारलं, "काका, काऊन केलं असं?"

"वजन उतरलं असतं तं तुहा फोन बंद झाला असता, पोरी."

डॉक्टर खुर्चीत बसले. "अहो, वजन उतरलेल्यांनाच तर पुढे वर्षभर फोन करायचे होते! उतरलेलं टिकतं का, ते पाहायला. आता तुमची सगळी मापं खोटी. नाव कापावं लागेल."

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. भात निवला. शेवटी बिसरामनेच नंबर लावला.

"काका, तुमचं नाव कटलं ना," गुंजन हळूच म्हणाली.

"मालूम हाय. लाखोरीच्या डाळीचं वरण खारट झालं. कोणाले सांगू?"



"मीठ किती टाकलं होतं, काका?"