धुरपदाबाईसाहेबांच्या मधमोहिमेची हकीकत

तापीमाईस दंडवत, जी खानदेशची माती आणि खानदेशची माणसे सारख्याच मायेने वाहून सुरतेस आणिते. मग तेथल्या उधन्याच्या यंत्रमागांस नमन, जे अहोरात्र खडखडाट करितात आणि दुसऱ्याचे काही ऐकत नाहीत. त्याउपरी वाचणारांचे सेवेशी अर्ज ऐसा की, सुरतेच्या मुलखात पूर्वी थोर थोर स्वाऱ्या जाहल्या आणि त्यांचे वर्णन थोरांनी केले. परंतु डिंडोलीकर मातोश्री धुरपदाबाईसाहेब यांनी मधमाश्यांचे राज्यात शिरोन जी शर्थ केली ती कोणी लिहोन ठेविली नाही. सबब ती हकीकत, जैशी घडली तैशी, तिखटमीठ बेताचेच घालून, येथे लिहिली असे.

कारण ऐसे जाहले. बाईसाहेबांस कन्या एक, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी धनश्री, कापड बाजारात एका पेढीवर कामास होती. तिचे मन बमरोलीकर प्रवीणराजे यांजवर बसले, आणि प्रवीणराजे तर तिच्या आधीच पुरते गारद जाहले होते. मुलीचे तीर्थरूप सुपडूआप्पा आणि मुलाचे तीर्थरूप पांडुरंगराव, दोघेही मागावरचे जुने कारीगर, एका कटिंग चहात राजी जाहले. परंतु मुलाच्या मातोश्री इंदुबाईसाहेब, ज्यांचे माहेर आणि सासर दोन्ही मराठवाड्यात, त्या राजी होत ना. त्या नाही म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या, नुसते 'बघू' म्हणत होत्या. हा 'बघू' म्हणजे ऐसा बेलाग किल्ला की त्यास ना दरवाजा ना दिंडी. संक्रांतीस तिळगूळ धाडिला, तो पावला आणि बघू. आखाजीस सांजोऱ्या धाडिल्या, डबा धुऊन रिकामाच परत आला आणि वर बघू. भरला डबा रिकामा परतवणे याचा अर्थ बायकांच्या दरबारात काय होतो, हे सांगणे नलगे.

इंदुबाईसाहेबांच्या मनात पाप नव्हते. त्यांचे म्हणणे इतकेच की, ही खानदेशी माणसे बोलतात ते निम्मे समजत नाही, हसतात ते कशास हसतात कळत नाही, ऐशा परक्यांत एकुलता लेक कैसा द्यावा. इकडे धुरपदाबाईसाहेबांस घास गोड लागेना. बमरोलीहून नवा 'बघू' आला की लेक उठोन भांडी घासावयास बसे, घासलेली पुन्हा घासे, आणि तो आवाज आईचे काळजास लागे. त्यात शिरपूरहून बंधू राघोमामा दुसरे स्थळ घेवोन येत्या आठवड्यात येणार, आणि मामा म्हणजे एकदा बैठक मारिली की सुपारी फोडल्याविना उठणारा गृहस्थ नव्हे. म्हणजे जे होणे ते आताच होणे होते.

मग धनश्री आणि प्रवीणराजे यांनी गुप्त मसलत केली की, दोन्ही मातोश्रींस दिवसभर एके जागी कोंडल्याखेरीज हा किल्ला पडत नाही. आणि मोबाइलावर शोध करोन, मांडवीपलीकडील सागाचे रानात मधमाश्यापालन, मधाची चव आणि वनविहार ऐशी एक दिवसाची सहल मुक्रर केली. तेथून फर्मान आले की, अत्तर व सुगंधी तेल लावू नये, भडक वस्त्रे नेसू नयेत, आणि जेवण इकडेच मिळेल. दोन्ही मातोश्रींनी फर्मान नीट ऐकिले आणि नीट मोडिले. विहिणीसमोर फिके लुगडे नेसून जाईल ऐशी बाई अद्याप जन्मास यावयाची आहे. धुरपदाबाईसाहेब डाळिंबी जरीत निघाल्या, इंदुबाईसाहेब पोपटी जरीत, आणि इंदुबाईसाहेबांनी तर केसांस मोगऱ्याचे तेल ऐसे चोपडले की त्या इको गाडीत बसताच ड्रायव्हराने मुकाट्याने काच खाली केली. परक्याचे जेवणाचा भरवसा काय म्हणोन इकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा, तिकडून धपाटे आणि दही ऐशी रसद घेतली, आणि आपापले डबे मांडीवर घट्ट धरोन, एकमेकींस शब्दाने आग्रह न करिता, दोन्ही स्वाऱ्यांनी सहकुटुंब रविवारी सकाळी कूच केले.

रानाचे नाक्यावर त्या मुलखाचे किल्लेदार गोपालभाई सामोरे आले. सडसडीत गुजराती पुरुष, बोलणे मधाहून गोड, परंतु शिस्त पोलादी. त्यांनी पहिलाच हुकूम फर्माविला, "धीमे चालजो, धीमे बोलजो." आता धीमे चालणे एक वेळ साधेल, परंतु ज्यांचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला त्यांस धीमे बोलणे कोठून यावे? सुपडूआप्पांनी पत्नीचे कानाशी लागोन जे कुजबुजले त्याने झाडावरचे दोन होले उडोन गेले, आणि झुडपात काही मोठे जनावर होते तेही धावत निघोन गेले, ते काय होते हे अखेरपावेतो कळले नाही. कुजबुज ऐशी होती की, "आठे काहीच आवाज नही. मन्हा कान दुखाले लागनात." इंदुबाईसाहेबांनी लेकास विचारिले, काय म्हणले? तो सांगणार तोच पांडुरंगराव छातीवर हात ठेवोन तितक्याच मोठ्याने बोलिले, "माझे बी." दोघे कारीगर एकमेकांकडे पाहोन भाऊ भेटल्यासारखे हसले. परंतु इंदुबाईसाहेबांचे मुखावर हसू नव्हते. वारूळ दाखविले, बघितले. दिंड्याचे झाड दाखविले, बघितले. आणि धुरपदाबाईसाहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली तर, नको, आमची आहे, ऐसा जबाब आला. बाईसाहेबांनी बाटली परत पिशवीत घातली आणि पुढली वाट मान खाली घालून चालल्या.

त्याउपरी मधमाश्यांचे मुलखास पावते जाहले. सागाचे सावलीस लाकडी पेट्यांची छावणी पडली होती, दर पेटीचे तोंडी चौकीपहारा, आत जाणारांची आणि बाहेर येणारांची एकच घाई. गोपालभाईंनी प्रत्येकास जाळीचा टोप चढविला. मग एक पेटी उघडोन, माश्यांनी लगडलेली चौकट वर धरोन, बोटाने राणीसाहेब दाखविल्या. लांबट, तुकतुकीत, आणि भोवती हुजऱ्यांची दाटी; गोपालभाई म्हणाले की सारी दौलत हिच्या एकटीच्या जिवावर चालते. तेव्हा इंदुबाईसाहेब टोपाच्या आतून प्रथमच मोकळेपणी बोलिल्या, "चालंल नाही तर काय! हिला सासू कुठंय?" धुरपदाबाईसाहेबांस हसू फुटले, परंतु हसावे तर विहीणबाई म्हणतील कशास हसल्या, म्हणोन त्यांनी ते पदराआड दाबिले.

तोच अनर्थ ओढवला. पेटीतून जो घुमारा येत होता, तो सुपडूआप्पांचे दुखऱ्या कानांस सकाळपासोनचे पहिले औषध लागले. त्यांचे डोळे मिटले, मुखावर समाधान पसरले, पाय आपोआप यंत्रमागासमोर उभे राहावयाचे बेताने फाकले आणि देहाने ते रानात असले तरी मनाने उधन्यास पोचले. इतक्यात गोपालभाईंनी धुराचे यंत्र दाबोन पेटीवर धूर सोडिला आणि घुमारा एकाएकी खाली बसला. ज्याने उभी हयात माग चालविला त्यास आवाज बसला म्हणजे एकच गोष्ट ठाऊक: सुताची तार तुटली, आता क्षणाचाही उशीर केला तर कापडास डाग पडेल. आप्पांचा उजवा हात बिजलीसारखा सुटला, आणि माग बंद करावयास हँडल पाडावे तैसा पेटीवर सणकन बसला.

मग काय वर्णावे! पेटी हादरली आणि आतली फौज एका मुखाने बाहेर पडली. सूर्य झाकोळला असे लिहिण्याचा मोह होतो, परंतु खरे लिहावे तर झाकोळला तो सुपडूआप्पांचा टोप. धुरपदाबाईसाहेब ओरडल्या, "हाई काय करं तुम्ही?" आप्पा निष्पाप मुद्रेने बोलिले, "तार तुटनी ना, म्हनीसन मशीन बंद कराले गऊ मी." प्रवीणराजे सासऱ्यास वाचवावे की आईस, या पेचात धनश्रीचा हात धरोन उभे राहिले. गोपालभाई "हालशो नहीं, हालशो नहीं" म्हणोन घसा फोडीत होते, परंतु त्या घोंघाटात कोणी ऐकेना. आणि इंदुबाईसाहेबांस टोपाचे आत माशी शिरल्याचा भास होऊन त्यांनी टोप उपटोन फेकिला, आणि दोन्ही हात वारा घालीत धावत सुटल्या. वरून मोगऱ्याचे तेल. माश्यांस आणखी काय पाहिजे? अर्धी फौज पोपटी साडीचे पाठी लागली.

तेसमयी धुरपदाबाईसाहेबांचे मनात आले की, आज हिला काही जाहले तर 'बघू'ही हातचा गेला. हाक मारावी तर ऐकू जात नाही. मग त्यांनी उजवी मूठ उंच केली आणि झटक्याने खाली आणिली. ही मागखात्यातली, म्हणजे मागांच्या कारखान्यातली खूण, की मशीन बंद. तेथे कानठळ्या बसतात म्हणोन कारीगर सारे बोलणे हातानेच करितात: अंगठा ओठास म्हणजे चहा, बोट मिशीवरून फिरले म्हणजे शेठ आला, आणि ऐकू येणे कमी होत गेले की हीच बोली घरी येवोन चुलीशी बसते. मूठ खाली येताच सुपडूआप्पा दगड जाहले. पांडुरंगराव दगड जाहले. आणि नवल ते हे की, इंदुबाईसाहेब, एक पाय उचललेला, दोन्ही हात आभाळात, तैशाच जागचे जागी थिजोन उभ्या राहिल्या.

मग धुरपदाबाईसाहेब दोन मागांच्या चिंचोळ्या गल्लीतून जावे तैशा, अंग चोरोन, हळूहळू विहिणीजवळ गेल्या, आणि आपला टोप काढोन तिचे मस्तकी चढविला. आता त्यांचे मुख उघडे. एक माशी आली, दोन घिरट्या घेतल्या, आणि थेट त्यांचे नाकाचे शेंड्यावर बैठक मारोन बसली. इंदुबाईसाहेबांनी ते जाळीतून पाहिले. त्यांचा आभाळातला हात हळूच खाली आला आणि त्यांनी आपले वरचे ओठावरून बोट फिरविले. शेठ आला!

बाईसाहेबांनी पुष्कळ आवरिले, परंतु हसू आले. हसू आले म्हणोन नाक हलले, नाक हलले म्हणोन शेठजींनी नांगी मारिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी बाईसाहेब तसूभर हलल्या नाहीत. उलट अंगठा ओठास लावोन विचारिले, की चहा घेणार काय? त्यावर इंदुबाईसाहेब टोपाच्या आत ऐशा खदखदा हसल्या की उचललेला पाय तोल जाऊन एकदाचा भुईस लागला. गोपालभाईंनी भराभर धूर दिला, माश्यांची फौज हळूहळू पेटीत परतली, आणि कोणी पळाले नाही म्हणोन मोहीम एका नाकावर निभावली.

मग छपरीत बसोन मधाची चव पाहिली. गोपालभाईंनी ओव्याचा, तिळाचा आणि रानफुलांचा ऐसे निरनिराळे मध मांडोन हुकूम केला की जिभेवर घोळवा, डोळे मिटा आणि काय वाटते ते सांगा. पांडुरंगराव म्हणाले, गोड. दुसरा चाखोन म्हणाले, हा बी गोड. सुपडूआप्पांनी सारे चाखिले आणि निवाडा दिला की सगळेच गोड आहेत. गोपालभाई बिचारे तोंड फिरवोन पाणी प्याले. तिकडे इंदुबाईसाहेब विहिणीचे नाक उन्हाकडे करोन बसल्या होत्या. "इहीनबाई, हलू नका," म्हणत त्यांनी नखाने खरवडोन नांगी काढिली, वर थंड पाण्याची पट्टी धरिली आणि विचारिले, "तुमच्यातबी घरी हातानंच बोलत्यात व्हय? आमचे हे तर मीठबी हातानं मागतेत." धुरपदाबाईसाहेब पट्टीखालून बोलिल्या, "आमना घर बी तेच. भाकर पुरी झायी का मशीन बंद करतस." या खेपेस इंदुबाईसाहेबांनी लेकास अर्थ विचारिला नाही. त्यांस अक्षर अन् अक्षर समजले होते.

मग त्यांनी आपला डबा उघडोन धपाटा काढिला, त्यावर ओव्याचा मध ओतोन विहिणीचे मुखी घातला, आणि भर दरबारात हुकूम सांगितला, "तुळशीचं लगीन झालं की पहिली तीथ धरा. बघायचं काय ऱ्हायलं आता?"

नांगीचे वेळी टिपूस न काढलेल्या धुरपदाबाईसाहेब तेव्हा घास तोंडात तसाच ठेवोन घळाघळा रडू लागल्या. धनश्री आईस बिलगली, प्रवीणराजे उगीचच मधाच्या बाटल्या सरळ लावू लागले, आणि एकटे सुपडूआप्पा, ज्यांस काही ऐकू गेले नव्हते, घाबरोन विचारू लागले की नाक फार दुखते काय. तेव्हा इंदुबाईसाहेब स्वतः उठोन त्यांचे समोर उभ्या राहिल्या. लग्नास मागखात्यात खूण नाही. म्हणोन त्यांनी तेथल्या तेथे घडविली. धनश्रीकडे बोट, प्रवीणकडे बोट, मग दोन्ही हातांनी हवेत माळ घातली आणि कमरेशी ढोल बडविला. आप्पांचे मुखावर ती खूण हळूहळू उजाडत गेली, आणि ते रान दणाणेल ऐशा आवाजात गरजले, "मंग चालू करा ना मशीन!"

येणेप्रमाणे बमरोलीकरांचा 'बघू' नामे दुर्ग डिंडोलीकरांनी धपाटा आणि मध यांचे साक्षीने सर केला. जखमी नाक एक, परागंदा होले दोन, मनुष्यहानी नाही. शिरपूरकर राघोमामांस फोनावरोन कळविले की येणे ते पत्रिका न्यावयास येणे. आणि बाईसाहेबांचे नाक चार दिवस टोमॅटोसारखे लाल होते, परंतु त्यांनी ते पदराआड घेतले नाही. भाजीवालीपासोन जो जो विचारी त्यास थांबवोन सांगत, की हाई मन्ही इहीननी सोयरीक शे.