डोळ्याखालचे गुलाब

गुलाब जगवणे ही कला नसून निव्वळ निरीक्षण आहे, असे बायकोला बजावून पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गडद लाल गुलाबाची चार कलमे घेऊन आले आणि ती त्यांनी फाटकालगत ओळीने लावली. दीड महिन्याने सासूबाई राहायला यायच्या होत्या. जावयाच्या हातून काही उगवते यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत प्राध्यापकांना त्याविरुद्ध पुरावा देता आला नव्हता.

रोपवाल्याने एकच पथ्य सांगितले होते. "साहेब, डोळ्याखाली फुटेल ते खुडत चला."

"समजलं," प्राध्यापक म्हणाले. समजले नव्हते, पण वर्गातल्या पोरांकडून हा शब्द इतकी वर्षे ऐकल्यामुळे तो त्यांना अगदी सफाईने म्हणता आला.

घरी भिंग लावून पाहतात तो काय, पानापानाच्या बगलेत कोंबाचा डोळा! एकेका रोपावर अकरा.

"फोन करून विचारा ना, कुठला डोळा ते," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सगळ्यात वरचा धरला की 'खाली' म्हणजे काय, यात संदिग्धता उरत नाही."

त्याखालचे सगळे त्यांनी खुडले. रोपे छत्रीच्या काड्यांसारखी उभी राहिली.

मग त्यांचा पाय घरात ठरेना. तोंडात ब्रश, एका पायात बूट, हातात घास, असेल त्या अवस्थेत ते मोजपट्टी घेऊन रोपांपाशी जात. आठवड्यात शेंडे वाळले.

"गेली ना?"

"निष्कर्षाची घाई नको."

नवव्या दिवशी बुडाशी, मातीलगत, कोंब फुटले. रोज तीन सेंटिमीटर!

"अहो, हे डोळ्याखालचंच की."

"वर डोळाच उरला नाही, तर खाली कसलं?"

कोंब कमरेएवढे झाले, एकमेकांत गुंतले. कळी मात्र एकही नाही. सासूबाई येण्याच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांनी अखेर फोन लावला.

"डोळा म्हणजे कलम बांधल्याची बुडाची गाठ, साहेब," रोपवाला म्हणाला. "त्याखाली जंगली गुलाब फुटतो. तो काढलात ना?"

"तेवढाच ठेवलाय."

"काटे चांगले येतील," रोपवाला म्हणाला.

सासूबाई आल्या त्या फाटकातच थांबल्या. त्या काटेरी जाळीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"जावईबापू, कुंपण मात्र झकास धरलंय हो. मांजरसुद्धा शिरायचं नाही. आता आत एखादा गुलाब लावा."

बायकोने नवऱ्याकडे रोखून पाहिले. पुराव्यावाचून अवाक्षर न काढणारे प्राध्यापक खाकरले.

"तोच क्रम ठरवलाय," ते म्हणाले. "आधी कुंपण."