कै. कानजीराव मिझुहाते यांची जयंती

साहेब, पारनेरच्या वाचनालयात तुम्ही ज्याला हार घातलात, तो लेखक नव्हता. ते कार्टून होतं. हा आरोप मी पूर्ण शुद्धीत करतोय.

अर्थात थोर माणसाची जयंती करायला तो माणूस लागतोच असं नाही, फोटो लागतो. तुमचं, म्हणजे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं, परिपत्रक आलं: नागापूरला एमआयडीसीत जपानी पाहुणे येणार, सबब जपानी कथाकार मिझुहाता कानजी यांची जयंती साजरी करावी. (त्यांच्या कथा वाचाव्यात असं त्यात कुठेही नव्हतं. याला दूरदृष्टी म्हणतात.)

कानजी हा छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. चार-चार पानांच्या कथा लिहिल्या, क्षयाने गेला. जिवंतपणी कुणी विचारलं नाही. मेल्यावर मात्र जपानने कदर केली. त्याच्या नावाचा कार्टूनचा हीरो काढला: निळे केस, तलवारीएवढी छत्री, डोळ्यांतून शाईचे फवारे. हीरो बिस्किटांवर आला, मोज्यांवर आला. आता मोबाईलवर लेखकाचं नाव टाकलं की हाच उगवतो. त्यामुळे फ्लेक्सवाल्याचा दोष नाही. त्याने फक्त खाली ‘कै. कानजीराव मिझुहाते’ असं लिहून माणूस आपला करून घेतला, आणि भोवती जयंती समितीचे अकरा चेहरे लावले. (ते खरे होते.)

आमच्या गल्लीतली सायली कंपनीसाठी जपानी शिकली. तिने कानजीची एक कथा मराठीत आणली. कार्यक्रमात ती वाचायला तिला दहा मिनिटं हवी होती, बाकी काही नाही. ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली.

“आबासाहेब, फोटो चुकलाय. हे कार्टून हाय.”

“असू दे की पोरी, देखना हाय. खरा कसा हुता?”

“बारका. चष्मेवाला.”

“मग ह्योच बरा. अन् हे मिझुहाते मूळचे कुठले गं? अकोल्याकडचे का?”

“जपानचे, आबा.”

“ते झालं. पन मूळचे?”

कार्यक्रम दोन तास चालला. सत्कार एकवीस, पैकी सात सत्कार करणाऱ्यांचे. साहेब, तुम्ही कानजीरावांच्या केसांतून दिसणाऱ्या बंडखोरीवर बोललात. जपानी पाहुण्याने फ्लेक्सपुढे कमरेत वाकून नमस्कार केला, सेल्फी काढली. सायलीने त्याला कथांबद्दल विचारलं, तर तो चकित झाला: “हा लिहितोसुद्धा?” (त्याच्या मुलाच्या डब्यावर हाच आहे.)

शेवटी सायलीला माइक मिळाला.

“पोरी, सारांश सांग. मटकी निवायला लागलीय.”

“सारांशात भागलं असतं तर त्यानं कथा कशाला लिहिली असती, आबा?” असं म्हणून तिने पहिली ओळ वाचली: “आमच्या गल्लीत ऊन पडलं, की बाप उपाशी झोपायचा.”

तेवढ्यात माइक बंद झाला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

तीच कथा मी या अंकासाठी पाठवली. संपादक म्हणाले, “कथा राहू द्या, जयंतीची गंमत लिहा. लोक तेच वाचतात.” लिहिली. साहेब उत्तर देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाचकहो, तुम्हाला विचारतो. हसत हसत इथपर्यंत आलात. या जागी ती चार पानांची कथा असती, तर आला असता का? हो की नाही, तेवढं सांगा.